अनधिकृत ‘ॲक्टिव्हेटर’ : वाचलेला खर्च आणि ओढवलेला धोका

वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परिसरात झेरॉक्स, टंकलेखन आणि डीटीपीची लहान लहान दुकाने आहेत. प्रबंधाची बांधणी, लग्नपत्रिका, नोकरीचा अर्ज, आधारपत्राची प्रत, भाडेकरार अशी नाना कामे अशा दुकानात बहुधा एकाच संगणकावर होतात. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील छोट्या कारखान्यांत यंत्रभागांची रेखाचित्रे संगणकावरच तयार होतात. असा संगणक बिघडला, की दुरुस्तीला आलेला मुलगा एक प्रश्न हमखास विचारतो : ‘ओरिजिनल टाकू, की नेहमीचे?’ ‘नेहमीचे’ म्हणजे काय, हे दोघांपैकी कोणालाच समजावून सांगावे लागत नाही. अर्ध्या तासात संगणक पूर्ववत सुरू होतो, पडद्याच्या कोपऱ्यातील ‘विंडोज सक्रिय करा’ ही सूचना नाहीशी होते आणि काही हजार रुपये वाचल्याचे समाधान मिळते.

हा प्रश्न एकट्या वडोदऱ्यात विचारला जातो असे नाही. म्हापसा, मडगाव वा फोंडा येथील वाचकालाही तो तितकाच परिचित असेल. सूचना नाहीशी करणाऱ्या त्या छोट्या साधनाला बोलीत ‘ॲक्टिव्हेटर’, ‘क्रॅक’, ‘पॅच’ किंवा ‘कीजेन’ म्हणतात. ते नेमके काय करते, त्यातून कोणते धोके उद्भवतात, कायदा त्याकडे कसा पाहतो आणि त्यावाचून काम कसे चालवता येते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सक्रियकरण म्हणजे काय?

सॉफ्टवेअर विकत घेणारा त्याचा मालक होत नाही. ठरावीक अटींवर ते वापरण्याचा परवाना तेवढा त्याला मिळतो. तो परवाना खरा आहे आणि ठरल्यापेक्षा अधिक संगणकांवर वापरला जात नाही, याची निर्मात्याने केलेली पडताळणी म्हणजे सक्रियकरण होय.

विंडोजचे परवाने स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला सुटा, म्हणजे ग्राहकाने स्वतंत्रपणे विकत घेतलेला. दुसरा नव्या संगणकाबरोबर येणारा. गेल्या दशकभरातील बहुतेक तयार लॅपटॉपांत या परवान्याची किल्ली मदरबोर्डवरील स्मृतीतच साठवलेली असते. तिसरा मोठ्या संस्थांना दिला जाणारा सामुदायिक परवाना.

बहुसंख्य अनधिकृत साधने या तिसऱ्या प्रकाराचा गैरफायदा घेतात. मोठ्या संस्थेतील शेकडो संगणकांनी एकेकटे मायक्रोसॉफ्टशी संपर्क साधण्याऐवजी संस्थेच्या जाळ्यातच एक सर्व्हर ठेवला जातो. तो संस्थेतील संगणकांना सक्रिय करतो. या व्यवस्थेला ‘केएमएस’ म्हणतात. विंडोजच्या वैयक्तिक संगणकांसाठी ही व्यवस्था कार्यान्वित व्हावयास किमान २५ संगणकांची विनंती यावी लागते. एकदा मिळालेले सक्रियकरण १८० दिवस टिकते आणि दर सात दिवसांनी त्याच्या नूतनीकरणाचा प्रयत्न होत राहतो. अनधिकृत ‘ॲक्टिव्हेटर’ आपल्याच संगणकात अशा सर्व्हरचे सोंग उभे करतो. आपण एखाद्या मोठ्या संस्थेचा भाग आहोत, अशी बिचाऱ्या विंडोजची समजूत होते. मुदत संपण्यापूर्वी हे सोंग पुन्हा वठवता यावे, म्हणून त्यातील बरीच साधने संगणकात कायमची वस्ती करतात आणि ठरावीक वेळी आपोआप सुरू होतात.

धोक्याचे मूळ

अशा साधनाबरोबर येणाऱ्या सूचना वाचल्या, तर त्यांत दोन गोष्टी जवळजवळ नेहमी आढळतात : ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ आणि ‘प्रशासकाच्या अधिकाराने चालवा’. पहिल्या सूचनेने रखवालदाराला रजा मिळते, तर दुसरीने घराच्या सर्व किल्ल्या हाती पडतात. प्रशासकाच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम संगणकातील कोणतीही फाइल वाचू वा बदलू शकतो, नवे प्रोग्राम बसवू शकतो आणि सुरक्षेची व्यवस्था कायमची निकामी करू शकतो.

‘अँटिव्हायरस या साधनांना उगाच धोकादायक ठरवतो, प्रत्यक्षात ती निरुपद्रवी असतात,’ असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो सर्वस्वी खोटा नाही. एखाद्या साधनाच्या मूळ प्रतीत चोरीचा भाग नसेलही. परंतु आपल्या हाती आलेली प्रत मूळचीच आहे, हे ठरवण्याचा मार्ग सामान्य वापरकर्त्यापाशी नसतो. अशा साधनाला अधिकृत संकेतस्थळ नसते, जबाबदार निर्माता नसतो आणि विश्वासार्ह डिजिटल स्वाक्षरीही नसते. एकाच नावाची डझनावारी पाने प्रत्येकी आपणच ‘अधिकृत’ असल्याचे सांगतात. फाइल अनेकदा पासवर्डने बंद केलेल्या संचिकेत दिली जाते, जेणेकरून अँटिव्हायरसला तिच्या आत डोकावता येऊ नये. त्यातच आणखी एक मेख आहे. विंडोज ‘सक्रिय’ झाल्याचे दिसले, की साधनाने आपले काम चोख बजावले असे वापरकर्त्याला वाटते. त्याच वेळी पार्श्वभूमीला दुसरेही एखादे काम उरकले गेले असेल, अशी शंका त्याच्या मनाला शिवत नाही.

ज्यांचा मजकूर कोणालाही वाचता येतो अशी साधने तरी सुरक्षित म्हणावीत काय? डिसेंबर २०२५ मध्ये उघडकीस आलेली एक घटना या दृष्टीने बोलकी आहे. अशाच एका प्रसिद्ध साधनाच्या पत्त्यातील एक अक्षर गाळून तयार केलेला दुसरा पत्ता भामट्यांनी नोंदवून ठेवला होता. आज्ञा टंकताना ज्यांच्या हातून ते अक्षर सुटले, त्यांच्या संगणकात थेट घातक प्रोग्राम शिरला. एका अक्षराच्या चुकीवर ज्याची सुरक्षितता अवलंबून आहे, त्याला सुरक्षित म्हणणे कठीण आहे.

प्रत्यक्ष घडलेल्या घटना

भारतातील घरगुती वापरकर्त्यांना ज्याची झळ फार बसली, ते रॅन्समवेअर म्हणजे ‘स्टॉप’ अथवा ‘डीजेव्हीयू’. रॅन्समवेअर हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर असते. ‘स्टॉप’च्या प्रसाराचा मुख्य मार्ग म्हणजे क्रॅक केलेली सॉफ्टवेअर आणि ‘ॲक्टिव्हेटर’. ते चालवल्यावर पडद्यावर कित्येकदा विंडोजच्या अद्यतनाची खोटी खिडकी दिसते आणि तिच्या आड छायाचित्रे, हिशोब, प्रबंध अशी एकेक फाइल कुलूपबंद होत जाते. खंडणी ९८० डॉलर, आणि ७२ तासांत दिल्यास निम्मी, म्हणजे ४९० डॉलर, असा त्याचा ठरलेला दर होता. सुरक्षा क्षेत्रातील ‘एमसिसॉफ्ट’ या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये या रॅन्समवेअरच्या १४८ प्रकारांवर उतारा प्रसिद्ध केला. तथापि त्यानंतरच्या प्रकारांत बहुतेक प्रत्येक संगणकासाठी निराळी किल्ली वापरली जाऊ लागली. त्यामुळे अशा फाइली सोडवणे सहसा अशक्य होऊन बसते.

डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील ‘रेड कॅनरी’ या संस्थेने ‘केएमएसपिको’ या लोकप्रिय ‘ॲक्टिव्हेटर’च्या बनावट प्रतींविषयी इशारा दिला. या प्रतींतून ‘क्रिप्टबॉट’ नावाचा चोर संगणकात शिरत होता. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कुकी आणि आभासी चलनाची पाकिटे ही त्याची लूट होती. पुढे एप्रिल २०२३ मध्ये गुगलने क्रिप्टबॉटच्या वितरकांविरुद्ध न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात केलेली कारवाई जाहीर झाली. त्या वेळी, आदल्या वर्षभरात सुमारे ६ लाख ७० हजार संगणकांना याची लागण झाल्याचे गुगलने म्हटले होते.

दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी २०२५ च्या अखेरीस उजेडात आणलेले प्रकरण याहूनही मोठे आहे. ‘केएमएसऑटो’ या ‘ॲक्टिव्हेटर’च्या रूपाने घातक सॉफ्टवेअर पसरवल्याच्या आरोपावरून एका लिथुआनियन नागरिकाला जॉर्जियातून दक्षिण कोरियाच्या ताब्यात देण्यात आले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार एप्रिल २०२० ते जानेवारी २०२३ या काळात जगभरात सुमारे २८ लाख वेळा ते उतरवून घेतले गेले. आभासी चलन पाठवण्यासाठी कोणी पत्ता कॉपी केला, की चिकटवताना त्या जागी चोराचा पत्ता यावा, अशी त्याची रचना होती.

या साधनांचा उपयोग केवळ भुरटे चोरच करतात असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये नेदरलँड्समधील ‘इक्लेक्टिकआयक्यू’ या संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. रशियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेशी संबंधित मानला जाणारा ‘सँडवर्म’ हा गट युक्रेनमधील संगणकांत शिरण्यासाठी ‘केएमएस ॲक्टिव्हेटर’ची विषारी प्रत टोरंटवर पेरत असल्याचे त्यात नमूद आहे. परवाना नसलेले सॉफ्टवेअर जेथे सर्रास वापरले जाते, तेथे शत्रूला भिंत फोडावी लागत नाही, हाच त्या अहवालाचा मथितार्थ होता.

एका विद्यार्थ्याची चूक, संस्थेचे नुकसान

विद्यापीठांच्या शहरांनी लक्षात ठेवावी अशी एक घटना सोफोस या सुरक्षा कंपनीने मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. युरोपातील जैवरेण्विक संशोधन करणाऱ्या एका संस्थेत विद्यार्थ्यांना काही कामांसाठी बाहेरून प्रवेश दिला जात असे. त्यांपैकी एका विद्यार्थ्याला माहितीचे चित्रण करणारे एक सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर हवे होते. त्याचा वार्षिक परवाना शेकडो डॉलरांचा होता. त्याने आधी मोफत पर्यायाची विचारणा केली. तो न मिळाल्यावर क्रॅक केलेली प्रत शोधली. विंडोजच्या अँटिव्हायरसने धोक्याची सूचना दिली, तेव्हा त्याने अँटिव्हायरस बंद केला आणि फायरवॉलही बंद केली.

त्या प्रतीत माहिती चोरणारा प्रोग्राम दडलेला होता. त्याने विद्यार्थ्याचे संस्थेतील प्रवेशनाव आणि पासवर्ड पळवले. तेरा दिवसांनंतर त्याच प्रवेशनावाने कोणी परका दूरवरून संस्थेच्या जाळ्यात शिरला. आणखी दहा दिवसांनी ‘र्यूक’ या रॅन्समवेअरने संस्थेचे संगणक कुलूपबंद केले. संस्थेकडे राखीव प्रती होत्या, पण त्या अद्ययावत नव्हत्या. परिणामी एका आठवड्याचे संशोधन कायमचे नष्ट झाले आणि संगणकांची मांडणी पुन्हा पायापासून करावी लागली.

या घटनेतील विद्यार्थी गुन्हेगार वृत्तीचा नव्हता. त्याला आपले काम पुरे करायचे होते, एवढेच. चूक घरच्या संगणकावर झाली आणि हानी मात्र त्या सॉफ्टवेअरशी काडीचा संबंध नसलेल्या सहकाऱ्यांची झाली.

दुसऱ्यांचे कागद, दुसऱ्यांची रेखाचित्रे

प्रारंभी उल्लेखिलेल्या दुकानाच्या संदर्भात हा मुद्दा अधिकच गंभीर होतो. झेरॉक्सच्या दुकानातील संगणकात मालकाचे स्वतःचे असे फारसे काही नसते. त्यात असतात ती गिऱ्हाइकांची आधारपत्रे, पॅन कार्डे, गुणपत्रिका, बँकेची विवरणे आणि सह्यांचे नमुने. करसल्लागाराच्या संगणकात त्याच्या सर्व अशिलांचे हिशोब असतात. छोट्या कारखान्याकडे मोठ्या कंपनीने विश्वासाने सोपवलेली रेखाचित्रे असतात. तेथे ‘ॲक्टिव्हेटर’ चालवण्याचा निर्णय एक माणूस घेतो, पण पणाला लागते ते ज्यांना विचारलेच नाही अशा शेकडो लोकांचे. ‘माझ्या संगणकात चोरण्यासारखे आहे तरी काय?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे.

‘ओटीपी असल्यावर पासवर्ड चोरून काय होणार?’ हाही गैरसमज आहे. आपण एकदा ओटीपी देऊन ईमेल उघडल्यावर ब्राउझर एक कुकी साठवून ठेवतो, ज्यायोगे पुन्हा पुन्हा ओटीपी विचारला जात नाही. माहिती चोरणारे प्रोग्राम नेमक्या या कुकी पळवतात. त्या हाती आल्या, तर चोराला कित्येकदा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही.

मराठी छपाईच्या व्यवसायाला हा प्रश्न आणखी एका अंगाने भिडतो. वर्षानुवर्षे मराठी डीटीपी पेजमेकर आणि सांकेतिक फाँट यांवर चालत आली. श्रीलिपीसारख्या पॅकेजबरोबर कुलपाचे काम करणारा डोंगल येई. तो चुकवण्यासाठीही क्रॅक निघाले. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ सालची आणि तिला युनिकोड ठाऊक नाही. ती टिकवण्यासाठी कित्येक ठिकाणी जुने, अद्यतने बंद झालेले विंडोज जपले जाते आणि त्यावर क्रॅकचा थर चढतो. जुन्या सवयीपायी धोका असा दुहेरी होतो.

अद्यतनांचा प्रश्न

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभर थैमान घातले. गुजरात राज्याच्या शासकीय जाळ्यातील काही संगणकांनाही त्याची झळ पोहोचली. वॉनाक्राय ‘ॲक्टिव्हेटर’मधून पसरला नव्हता. विंडोजमधील ज्या छिद्रातून तो शिरला, त्यावर मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्च २०१७ रोजी, दुरुस्ती दिलेली होती. ज्यांनी ती बसवली होती, त्यांचे संगणक त्या मार्गाने होणाऱ्या हल्ल्यापासून बचावले.

अनधिकृत प्रतीचा संबंध येतो तो येथे. ‘अद्यतन झाले तर क्रॅक उघडा पडेल’ या भीतीने अनेक जण अद्यतने बंद ठेवतात. काही क्रॅक केलेल्या प्रतींत ती मुळातच बंद केलेली असतात. चीनमधील विद्यापीठांना वॉनाक्रायचा जो जबर तडाखा बसला, त्यामागे परवाना नसलेल्या आणि म्हणून अद्यतने न झालेल्या सॉफ्टवेअरचा वाटा असल्याचे तज्ज्ञांनी त्या वेळीच दाखवून दिले होते.

कायदा काय सांगतो?

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणकीय प्रोग्राम ही ‘साहित्यकृती’ आहे. कादंबरीला जे संरक्षण मिळते, त्याच कुळातील संरक्षण सॉफ्टवेअरला मिळते. अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये प्रताधिकाराच्या जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. या कलमाखालील गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी दिला.

कलम ६३ ब खास सॉफ्टवेअरसाठी आहे. उल्लंघन करून तयार केलेली प्रत संगणकावर जाणूनबुजून वापरणे हाच त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षे कारावास, तसेच ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून कारावास टाळू शकते आणि ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. अर्थात ही सवलत दुकानदाराला वा कारखानदाराला लाभणे अवघड आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ उल्लंघनाच्या हेतूने तांत्रिक कुलूप चुकवण्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगते. ‘दुरुस्तीवाल्याने टाकून दिले, मला ठाऊक नव्हते,’ हा बचाव ज्याने स्वतःच ‘नेहमीचे टाका’ असे सांगितले, त्याला फारसा उपयोगी पडणार नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हाही ध्यानात घ्यावयास हवा. लोकांची वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्याने तिच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय योजले पाहिजेत, असे हा अधिनियम सांगतो आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात आणल्या जात आहेत.

मग पर्याय कोणते?

परवाने महाग आहेत, ही तक्रार खोटी नाही. विद्यार्थ्याला, नवख्या डीटीपीवाल्याला किंवा दोन यंत्रांच्या कारखानदाराला ती किंमत खरोखरच जड जाते. परंतु महाग परवाना आणि क्रॅक यांखेरीज तिसरा मार्ग आहे, हे पुरेसे सांगितले जात नाही.

तिसऱ्या मार्गाचे उदाहरण वडोदऱ्याच्याच इतिहासात सापडते. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसलेल्या प्रजाजनांसाठी सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये आणि फिरत्या ग्रंथपेट्या यांचे जाळे बडोदे संस्थानात उभे राहिले. वाचकाने पुस्तकावाचून राहायचे नाही आणि ते चोरायचेही नाही, ही सोय त्या व्यवस्थेने केली. आजच्या मुक्त सॉफ्टवेअरने संगणकाच्या बाबतीत तीच सोय केली आहे.

कार्यालयीन कामासाठी लिब्रेऑफिस, छायाचित्रांसाठी गिंप, रेखाटनासाठी इंकस्केप, पृष्ठरचनेसाठी स्क्रायबस, यंत्ररेखाचित्रांसाठी फ्रीकॅड ही सर्व सॉफ्टवेअर विनामूल्य आणि कायदेशीर आहेत. विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट वापरता येते. जुन्या संगणकांवरही लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या चांगल्या चालतात. मराठीसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ किंवा आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ असे दर्जेदार युनिकोड फाँट विनामूल्य मिळतात. हे केवळ कागदावरचे पर्याय नाहीत. केरळच्या शासकीय शाळांत वर्षानुवर्षे मुक्त प्रणाली वापरली जाते. गोव्यातही शतकाच्या आरंभी शाळांना जुने संगणक मिळवून देणाऱ्या उपक्रमाने ग्नू/लिनक्सचाच आधार घेतला होता.

विशिष्ट सॉफ्टवेअरच हवे असेल, तरी वाटा आहेत. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअर नूतनीकरणक्षम वार्षिक परवान्यावर मोफत देते. पात्र शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना ऑफिसची ऑनलाइन आवृत्ती संस्थेच्या ईमेलवर मोफत मिळते. टॅली शिकणाऱ्यासाठी तिच्यातच शैक्षणिक पद्धती आहे. तिच्यात महिन्यातील मोजक्याच तारखांच्या नोंदी करता येतात, पण शिकण्यास ती पुरेशी आहे.

विंडोजबाबत दोन गोष्टी फार थोड्यांना ठाऊक असतात. पहिली अशी, की तयार लॅपटॉप घेतला असेल, तर परवाना बहुधा आपल्याकडे असतोच. दुरुस्तीवाला ‘होम’ची जागा क्रॅक केलेल्या ‘प्रो’ आवृत्तीला देतो, तेव्हा आपण पैसे मोजून घेतलेला परवाना वाया जातो. संगणकाबरोबर आलेलीच आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घेऊन पुन्हा बसवली, तर ती बहुधा आपोआप सक्रिय होते. दुसरी अशी, की सक्रिय न केलेले विंडोज बंद पडत नाही. कोपऱ्यात सूचना दिसते, पार्श्वचित्र बदलण्यासारख्या काही सोयी मिळत नाहीत, परंतु सुरक्षा अद्यतने येत राहतात. परवान्याच्या अटींत हे कायमचे बसत नाही. तरीही नवा परवाना घेईपर्यंत ती सूचना सहन करणे ‘ॲक्टिव्हेटर’पेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

काही शे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या ‘अस्सल’ किल्ल्यांपासूनही सावध राहावे. त्यांतील अनेक एखाद्या संस्थेच्या सामुदायिक परवान्यातून बाहेर पडलेल्या असतात आणि केव्हाही रद्द होऊ शकतात.

आधीच वापरले असल्यास

प्रथम तपासणी करावी. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात ॲक्टिव्हेशन हे पान आहे. ‘डिजिटल परवान्याने सक्रिय’ असा उल्लेख असेल, तर बहुधा चिंता नाही. घरच्या वा दुकानाच्या संगणकावर ‘संस्थेच्या सक्रियकरण सेवेद्वारे सक्रिय’ असे दिसत असेल, तर ‘केएमएस’चे सोंग चालू असल्याचा दाट संशय घ्यावा. अँटिव्हायरसमध्ये अपवाद म्हणून नोंदवलेले फोल्डरही पाहावेत.

संशय खरा वाटल्यास पुढील क्रम पाळावा :

१. संगणकाचे इंटरनेट तोडावे.

२. दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून ईमेल, बँक आणि समाजमाध्यमांचे पासवर्ड बदलावेत. ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय निवडण्यास विसरू नये, अन्यथा चोरलेल्या कुकी जिवंत राहतात.

३. दस्तऐवज व छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत. प्रोग्रामच्या फाइली मात्र घेऊ नयेत.

४. ‘ॲक्टिव्हेटर’ नुसता काढून टाकणे पुरेसे नाही. डिस्क पुसून अधिकृत प्रतीवरून प्रणाली नव्याने बसवावी.

५. केंद्र शासनाच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची मोफत साधने वापरून घरातील इतर संगणकही तपासावेत.

६. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. आस्थापनांवर एक जादा बंधन आहे. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते.

७. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी, ही सवय लावून घ्यावी. राखीव प्रत सतत संगणकाला जोडलेली असेल, तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही.

वडोदऱ्यातील दुकानात असो वा मडगावातील, पुढल्या वेळी ‘ओरिजिनल टाकू, की नेहमीचे?’ असे कोणी विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी त्या संगणकात कोणाकोणाचे कागद आहेत, हे क्षणभर आठवून पाहावे. परवाना परवडत नसेल, तर ‘मोफत आणि कायदेशीर असलेले टाका’ हेही एक उत्तर आहे.